एप्रिलपासून जपानच्या शाळेत शिकवायला जातेय. ऑफिसात राजीनामा कधी देऊ?

पाटीपेन्सिल
८ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबला आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागू.

गेल्या जूनमध्ये इंग्रजी घेऊन बीए झाले आणि जुलैपासून एका ऑफिसात आहे. आमच्या टीमकडे आरोग्य विम्याचे दावे येतात. हॉस्पिटलचं बिल, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट असं सगळं स्कॅन होऊन स्क्रीनवर येतं. नाव, तारखा, रकमा जुळतात का बघायचं. नाही जुळलं तर क्वेरी टाकायची, जुळलं तर फाइल पुढे सरकवायची. दिवसाला सत्तर फाइली. काम वाईट नाही, पगार वेळेवर होतो, माणसं चांगली आहेत. पण संध्याकाळी लॉगआउट करताना आज आपण कुणाशी काय बोललो हे आठवायला गेले तर काहीच हाती लागत नाही. त्या बिलांवरची नावं खऱ्या माणसांची असतात, पण मला त्यांचा चेहराही दिसत नाही आणि आवाजही ऐकू येत नाही.

ऑक्टोबरमध्ये मी जपानच्या सरकारी शाळांना सहाय्यक भाषाशिक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीकडे अर्ज केला. तिकडे या कामाला एएलटी म्हणतात. व्हिडिओवर दहा मिनिटांचा नमुना धडा घ्यावा लागला, दोन मुलाखती झाल्या आणि डिसेंबरमध्ये निवड झाल्याचं कळलं. जागा तोत्तोरी प्रांतात आहे. एक माध्यमिक आणि तीन प्राथमिक शाळा, एप्रिल ते मार्च असा एका वर्षाचा करार, महिना २,३०,००० येन.

आता अडचण. व्हिसासाठी आधी तिकडच्या इमिग्रेशन खात्याचं पात्रता प्रमाणपत्र यावं लागतं, म्हणजे सीओई. कंपनीने त्यासाठी अर्ज नुकताच दाखल केलाय. त्याला एक ते तीन महिने लागतात म्हणे. माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे आणि मला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघावं लागेल. सीओई हातात आल्यावर राजीनामा दिला तर नोटीस पुरी होत नाही. आत्ता दिला आणि सीओई नाकारलं गेलं तर हेही गेलं आणि तेही. आई रोज विचारते, मी रोज 'बघू' म्हणते.

आणखी एक विचारायचंय. हे तीन महिने मी काय शिकण्यात घालवू? जपानी अजिबात येत नाही.

---

उंबरठा
८ जानेवारी, रात्री १०:५०

अभिनंदन! माझं मत स्पष्ट आहे. कागद हातात आल्याशिवाय नोकरी सोडू नकोस. माझ्या चुलतभावाने दुसऱ्या एका देशासाठी असंच आधी सोडलं होतं आणि व्हिसा चार महिने लटकला. ते चार महिने घरात सगळ्यांनीच फार वाईट काढले. नोटीस अपुरी राहिली तर पैसे भरून सुटता येतं.

---

तिसरा_मजला
९ जानेवारी, सकाळी ९:२०

मी अकरा वर्षं एचआरमध्ये आहे, म्हणून टेबलाच्या त्या बाजूने सांगते.

आधी तुझं नेमणूकपत्र काढ आणि नोटीसचं कलम नीट वाच. 'नोटीस किंवा त्या बदल्यात पगार' असं लिहिलंय की नुसतंच 'नोटीस'? पहिलं असेल तर पैसे भरून लवकर निघणं हा तुझा पर्याय आहे. दुसरं असेल तर ते मॅनेजरच्या मर्जीवर. उंबरठा म्हणतात तसं पैसे भरून सुटता येतं खरं, पण सगळीकडे नाही.

दुसरं, तारीख यायची वाट न बघता मॅनेजरशी आत्ताच बोल. नवीन मुलं शेवटच्या आठवड्यात आजारपणाची, घरच्या अडचणीची कारणं देतात. आम्हाला ते कळतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तुझ्या वाट्याच्या फाइली शेजारच्या टेबलावर जाऊन पडतात. मॅनेजरला साठ दिवस आधी कळलं तर तो माणूस शोधू शकतो. त्यांना सरळ विचार की राजीनामा आत्ता दिला आणि फेब्रुवारीअखेर प्रमाणपत्र आलं नाही, तर मागे घेता येईल का? दर वेळी हो म्हणतात असं नाही, पण चांगल्या कामाच्या माणसाला बरेच जण हो म्हणतात. हो म्हणाले तर ते ईमेलवर घे. तोंडी नको.

आणि निघताना रिलीव्हिंग लेटर व अनुभवाचं पत्र दोन्ही. आठ महिन्यांचा अनुभव म्हणून सोडून देऊ नकोस. परत आल्यावर पहिल्यांदा तेच मागतात.

---

खडूफळा
९ जानेवारी, दुपारी ३:०५

अगं, सगळे राजीनाम्याबद्दल बोलतायत. तू मुलांसमोर कधी उभी राहिली आहेस का?

मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. रागाने विचारत नाही, काळजीने विचारतेय. दहा मिनिटांचा नमुना धडा तू मोठ्या माणसांना दाखवलास. मोठी माणसं ऐकून घेतात. आठ वर्षांचं मूल पंचेचाळीस सेकंदांनी खिडकीबाहेर बघतं.

जवळच्या कुठल्याही शाळेत मुख्याध्यापकांना भेट आणि शनिवारी मागच्या बाकावर बसू द्या म्हण. शिकवायला मागू नकोस, नुसतं बसू द्या म्हण. पहिले दोन शनिवार बाईंकडे बघायचंच नाही, मुलांकडे बघायचं. कुठल्या क्षणी वर्ग हातातून सुटतो ते बघ. बहुतेक वेळा सूचना लांबली की सुटतो. 'आता आपण असं करूया, म्हणजे तुम्ही आधी पुस्तक काढा, नाही थांबा, आधी जोड्या करा...' इथे गेला वर्ग. आणि तुझी मुलं तर तुझी भाषाही समजत नसतील. तुझी प्रत्येक सूचना तीन-चार शब्दांत आणि हाताच्या खुणेत बसली पाहिजे. आरशासमोर उभी राहून सराव कर.

दुसरी गोष्ट थांबण्याची. प्रश्न विचारल्यावर नवा शिक्षक एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन टाकतो, शांतता सोसत नाही म्हणून. मनात पाचपर्यंत मोज. वर्गातलं सगळ्यात बुजरं मूल चौथ्या आकड्याला तोंड उघडतं.

---

हिरवी_बस
९ जानेवारी, रात्री ११:३०

मी चार वर्षं एएलटी होतो, दोन वेगवेगळ्या प्रांतांत. खडूफळा काकूंनी लिहिलंय ते छापून भिंतीवर लावावं असं आहे, त्यामुळे मी वर्गाबद्दल कमी आणि कागदांबद्दल जास्त लिहितो.

पाटीपेन्सिल, सगळ्यात आधी करार बघ. तू सरकारच्या जेट कार्यक्रमातून जात नाहीयेस. तो १९८७ पासून चालू आहे, त्यात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं आणि पगार बराच बरा असतो. तू मध्यस्थ कंपनीकडून जातेयस. अशा करारांचे मुख्य दोन प्रकार. 'हाकेन' असेल तर तू कंपनीची नोकर पण शाळेतले शिक्षक तुला थेट सांगू शकतात: आज हा धडा, आज हा खेळ. 'ग्योमु इताकु' असेल तर शाळेने कंपनीला काम कंत्राटाने दिलेलं असतं, आणि कायद्याने शाळेतल्या शिक्षकाने तुला थेट सूचना द्यायची नसते. विचार कर, एकाच वर्गात दोन शिक्षक उभे आणि एकाने दुसऱ्याला काही सांगायचं नाही. माझं पहिलं वर्ष असं गेलं. माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीच्या बाई फार चांगल्या होत्या, पण तासाआधी पाच मिनिटं बसून ठरवू म्हटलं की त्या अवघडायच्या. मला कारण कळायला सहा महिने लागले. मला वाटत होतं, मीच त्यांना आवडत नाही.

तास बघ. आठवड्याला २९.५ तास लिहिले असतील तर तो आकडा सहज आलेला नाही. पूर्णवेळच्या तीन चतुर्थांशाहून, म्हणजे तीस तासांहून, कमी ठेवलं की आरोग्य विमा आणि पेन्शनमधला मालकाचा अर्धा वाटा टाळता यायचा. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत आठवड्याला वीस तास भरले तरी या विम्यात घ्यावं लागतं. त्यामुळे कंपनीला लेखी विचार, मला 'शाकाई होकेन'मध्ये, म्हणजे या विमा-पेन्शनमध्ये, घेणार ना? नाही म्हणाले तर नगरपालिकेतून राष्ट्रीय आरोग्य विमा तूच काढायचा. दवाखान्यात दोन्हींत तीस टक्केच भरावे लागतात, पण हप्ता आणि पेन्शन यांत मोठा फरक पडतो. विम्याचंच काम करतेस, त्यामुळे हे तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पगाराबद्दल दोन गोष्टी. एप्रिलचा पगार बऱ्याचदा मेअखेर हातात येतो, म्हणजे पहिले दोन महिने स्वतःच्या पैशांवर. घराला शिकिकिन म्हणजे अनामत आणि कधी कधी रेइकिन, म्हणजे घरमालकाला परत न मिळणारी भेट, हेही सुरुवातीलाच जातं. माझ्या एका करारात ऑगस्टचा पगार जवळजवळ अर्धा होता, कारण शाळांना सुट्टी. ते तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होतं. तुझं तिसरं पान वाच. आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर लागतो, आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर साधारण दहा टक्के. पहिल्या वर्षी तो नसतो, म्हणून लोक गाफील राहतात.

विमानतळावर रहिवासी कार्ड मिळेल. घर मिळालं की चौदा दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. सीओई आल्यापासून तीन महिन्यांत देशात शिरावं लागतं, त्यामुळे ते फार लवकर आलं तरी तारीख मोजून ठेव. तोत्तोरीत शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, जात नाही, ओसाकाहून एक्स्प्रेसने अडीच तास धर. चार शाळा असतील तर गाडी लागेल का ते आत्ताच विचार. लागणार असेल तर इथून निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय परवाना काढ. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे काढलेला तिकडे एक वर्ष चालतो. त्या बाजूला हिवाळ्यात चांगलाच बर्फ पडतो.

बाकी, जा. मला त्या चार वर्षांचं एकाही दिवसाचं वाईट वाटत नाही, त्या पहिल्या वर्षाचंसुद्धा.

---

ओलीमाती
१० जानेवारी, सकाळी ७:४५

एक प्रश्न, कारण मी याच ठिकाणी अडखळले. तुझं शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात झालंय का? जपानच्या सरकारी शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं लागतं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. अकरावीपासून एमएपर्यंत इंग्रजीतून धरलं तरी सात वर्षं होतात. माझं इंग्रजी चांगलं आहे, मी सहा वर्षं शिकवते आहे, पण कुणी माझी परीक्षा घेतलीच नाही. वर्षं मोजली आणि परत पाठवलं.

मराठी शाळेबद्दल मला जराही खंत नाही. पण ज्याने दुसरी भाषा घासून घासून मिळवली त्याला ती शिकताना कुठे दुखतं ते ठाऊक असतं, आणि नेमक्या त्या माणसाला दार बंद, याचं अजून वाईट वाटतं. तुला दार उघडं असेल तर माझ्या वाटचंही शिकवून ये.

---

सरळरेषा
१० जानेवारी, दुपारी १:१०

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. एएलटी ही नोकरी वरच्या पायरीवर जात नाही. पाच वर्षांनीही तुम्ही सहाय्यकच असता आणि करार दर मार्चला नव्याने. बाविसाव्या वर्षी दोन वर्षं तिकडे, परत आल्यावर इथे बीएडशिवाय शाळा घेत नाहीत आणि ऑफिसवाले विचारतात मध्ये काय केलंत. शिकवायचंच असेल तर आधी बीएड करा. माझ्या बहिणीने उलट क्रमाने केलं आणि तिला फार त्रास झाला, म्हणून सांगतोय.

---

हिरवी_बस
१० जानेवारी, संध्याकाळी ६:३५

सरळरेषा, तुमचं म्हणणं खोटं नाही. वरची पायरी नाही हे खरंच आहे. माझ्याबरोबरचे जे तिथे रमले त्यांनी दुसऱ्या वर्षापासून काहीतरी हाताशी धरलं: कुणी जपानी भाषेची एन२ परीक्षा, कुणी घरून पदव्युत्तर शिक्षण. ज्यांनी 'बघू पुढे' म्हणत चार मार्च काढले त्यांचं अवघड झालं. मी दुसऱ्या गटात होतो, परत आल्यावर बीएड केलं तेव्हा वर्गात सगळ्यांत मोठा होतो. पण आधी बीएड केलं असतं तर मी ते अर्ध्यात सोडलं असतं. शिकवण्याची ओढ आहे की नाही हे मला तिथे, तिसरीच्या वर्गात कळलं.

---

पाटीपेन्सिल
१८ जानेवारी, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस उत्तर दिलं नाही कारण तुम्ही सांगितलेलं करत होते.

ओलीमाती ताई, हो, माझं पहिलीपासून इंग्रजी माध्यम. तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मला मिळालेली गोष्ट नुसत्या वर्षांच्या हिशोबावर मिळालीय हे यापूर्वी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तुम्ही इंग्रजी शिकताना कुठे अडायचात ते मला लिहून पाठवाल का? खरंच हवंय.

करार वाचला. हाकेन आहे. तास २९.५ च आहेत! विम्याचं लेखी विचारलं, दोन दिवसांनी उत्तर आलं की शाकाई होकेनमध्ये घेतील. ऑगस्टचा पगार साठ टक्के, तिसऱ्या नाही, पाचव्या पानावर होतं.

मॅनेजरशी बोलले. सकाळपासून घसा कोरडा होता. सगळं खरं सांगितलं: जागा, तारीख, सीओई आलेलं नाही हेही. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की नोव्हेंबरमध्ये तू त्या तीन नवीन मुलांना सिस्टिम शिकवलीस तेव्हाच मला वाटलं होतं. मला ती गोष्ट आठवतही नव्हती. झालं असं की ट्रेनर रजेवर होते आणि तीन मुलं आठवडाभर नुसती बसून होती. मी जेवणाच्या सुट्टीनंतर रोज अर्धा तास त्यांना एकेक खरी फाइल उघडून विचारायचे, सांगा यात काय चुकलंय? मी सांगायचे नाही. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीने डिस्चार्जची तारीख ॲडमिट होण्याच्या आधीची आहे हे पकडलं आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. सात महिन्यांत त्या ऑफिसात मला झालेला सगळ्यांत मोठा आनंद तोच, आणि तो माझ्या कामाचा भागच नव्हता.

ठरलं असं: उद्या, १९ तारखेला राजीनामा, शेवटचा दिवस २० मार्च. २८ फेब्रुवारीपर्यंत सीओई आलं नाही तर मागे घेता येईल. तिसरा_मजला ताई, ईमेलवर घेतलंय.

आणि काकू, शनिवारी एका शाळेत मागच्या बाकावर बसले. पहिलाच शनिवार होता. तुम्ही म्हणालात तेच झालं, सूचना लांबली आणि वर्ग गेला. एक मुलगा सबंध तासभर रबराचे तुकडे करत होता, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. घरी येऊनही तोच डोळ्यांसमोर आहे.

---

अनुस्वार
१९ जानेवारी, सकाळी ११:१५

'जपानी अजिबात येत नाही' या वाक्यावर उत्तर द्यायचं राहिलंय, ते मी देतो. मी आठ वर्षं जपानी शिकवतो आणि मराठी विद्यार्थ्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगतो: तुम्हाला वाटतं त्याहून जास्त येतं.

वाक्याची बांधणी घे. 'मी शाळेत जाते.' जपानीत 'वाताशि वा गाक्को नि इकिमासु'. कर्ता, मग ठिकाण, शेवटी क्रियापद. 'शाळेत'मधला त जिथे चिकटतो तिथेच 'नि' येतो. इंग्रजी बोलणाऱ्याला इथे सगळं वाक्य उलटं करावं लागतं, आपल्याला नाही. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का'. 'इकिमासु का?' म्हणजे 'जाता का?' योगायोग आहे, पण कामाचा. आपण 'छान आहे ना' म्हणतो तिथे ते 'ई देसु ने' म्हणतात.

उच्चारात त्सु सगळ्या जगाला छळतो. तू 'चूल' म्हण. तो चू म्हणजेच त्सु. आणि 'जुना'मधला जु त्यांच्या झुच्या अगदी जवळचा.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. त्यांची अक्षरमाला अ इ उ ए ओ अशी सुरू होते आणि पुढच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतं? हा क्रम आपल्याच वर्णमालेवरून आलाय. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी अभ्यासली, तिच्याबरोबर वर्णांची मांडणी तिकडे पोचली. च च्या जागी स आणि प च्या जागी ह दिसतो, कारण जुन्या जपानीत ते उच्चार तसेच, च आणि प च्या जवळचे होते. तीन महिन्यांत हिरागाना आणि काताकाना या त्यांच्या दोन अक्षरलिप्या आणि रोजची दोनशे वाक्यं सहज होतील.

एक सूचना मात्र तुझ्या इंग्रजीसाठी. जपानी मुलं 'थ्री'ला 'सुरी' म्हणतात आणि 'व्ह'चा ब करतात. ते तुला लगेच ऐकू येईल. आपणही व्ह आणि व यांत गफलत करतो आणि इंग्रजी थ ला आपला दंत्य थ देतो, ते आपल्याला ऐकू येत नाही. जाण्यापूर्वी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐक. चाळीस मुलं तुझ्या तोंडाकडे बघून उच्चार उचलणार आहेत.

---

खडूफळा
१९ जानेवारी, दुपारी ४:००

रबराचे तुकडे करणारा मुलगा तुला दिसला. छान. पुढच्या शनिवारी त्याच्या शेजारच्या बाकावर बस. बोलू नकोस, नुसती बस.

---

पाटीपेन्सिल
२१ मार्च, रात्री ८:२५

सीओई २६ फेब्रुवारीला आलं. दोन दिवस उरले होते! आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं काही वाईट बातमी आहे.

काल शेवटचा दिवस होता. शेवटचे दोन आठवडे मी हॅण्डओव्हरची वही केली: कुठल्या हॉस्पिटलची बिलं कशी वाचायची, कुठे तारीख महिना आधी लिहितात, कुठे डॉक्टरांची सही शिक्क्याखाली लपते. कुणी सांगितलं नव्हतं. ज्या मुलीने ती चुकलेली तारीख पकडली होती तिच्याकडेच माझ्या फाइली गेल्या. निघताना ती म्हणाली, तू सांगायची नाहीस, त्याचा तेव्हा फार राग यायचा.

सात शनिवार झाले. रबरवाल्या मुलाने पाचव्या शनिवारी मला एक तुकडा दिला.

२५ तारखेचं विमान आहे. ओलीमाती ताईंनी पाठवलेली नऊ पानं हँडबॅगेत ठेवलीत.

---

ओलीमाती
२१ मार्च, रात्री ८:४०

जा गं. नीट जा.

---

पाटीपेन्सिल
१७ मे, रात्री ९:५५

तोत्तोरीहून लिहितेय. इथे शेतांत भातलावणीची तयारी चाललीय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी साठलंय आणि त्यात डोंगर दिसतात. आले तेव्हा नाशपातीच्या बागा फुलायला लागल्या होत्या.

शाळेत शिरताना बाहेरचे बूट काढून आतले घालायचे, हे पहिल्या आठवड्यात दोनदा विसरले. शिक्षकांच्या खोलीत उपमुख्याध्यापक सगळ्यांकडे तोंड करून बसतात आणि सर्वांत आधी येतात. दुपारी घंटा झाली की मुलं झाडू आणि फडकी घेऊन वर्ग, जिने, बाथरूम साफ करतात. मीही त्यांच्याबरोबर फडकं घेऊन जिना पुसते. मुलांशी माझं सगळ्यात जास्त बोलणं त्या जिन्यावर होतं.

तिसरी-चौथीला वर्षाला पस्तीस तास इंग्रजी, पाचवी-सहावीला सत्तर. २०२० पासून वरच्या दोन वर्गांना तो गुणांचा विषय झाला, त्यामुळे तिथल्या बाईंना ताण असतो आणि त्या माझ्याकडे आशेने बघतात. मला अजून जमत नाही. परवा सहावीत मी एवढी घाईने बोलले की बाईंनी हळूच हात वर केला. तासानंतर रडू येत होतं. मग ओलीमाती ताईंची पानं काढली. चौथ्या पानावर लिहिलंय की इंग्रजी ऐकताना पहिला शब्द समजेपर्यंत पाचवा निघून जायचा. दुसऱ्या दिवशी मी दर वाक्यानंतर मनात पाचपर्यंत मोजलं.

आणि चौथीतली गोष्ट, ज्यासाठी हा प्रतिसाद लिहायला बसले. ओळखीच्या तासाला मी फळ्यावर त्यांची अ इ उ ए ओ लिहिली आणि खाली आपली. मग क, स, त, न. मी काहीच सांगितलं नाही. मनात मोजत होते. साताच्या सुमारास तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून फळ्यापाशी आली आणि दोन्ही ओळींवरून एकेक बोट एकाच वेळी फिरवायला लागली. मग तिने वर्गाकडे वळून काहीतरी ओरडून सांगितलं आणि सगळा वर्ग फळ्यापाशी.

आज जिना पुसताना ती कागद घेऊन आली. फळ्यावरून बघून तिने स्वतःचं नाव आपल्या लिपीत लिहिलंय. मला विचारते, 'आत्तेमासु का?' म्हणजे बरोबर आहे का? बाकी सगळं बरोबर आहे, फक्त क ची गाठ उजवीकडे आणि शेपूट डावीकडे. मी 'उद्या सांगते' म्हणून वेळ मारून नेली. काकू, दुरुस्त करून देऊ की राहू देऊ?

---

खडूफळा
१८ मे, सकाळी ६:१०

तू हात लावू नकोस. उद्या फळ्यावर एकच क काढ, हातभर मोठा, आणि कडेला उभी राहा.

---

पाटीपेन्सिल
१९ मे, संध्याकाळी ५:३०

काढला. तिने दप्तरातून कागद बाहेर काढला, दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं आणि शेजारच्या मुलाकडून खोडरबर मागून घेतलं.